विश्लेषण : गाडीच्या टायरमध्ये नायट्रोजन भरावा की साधी हवा?

पेट्रोल पंपावर हवा भरायला गाडी थांबली की ‘साधी की नायट्रोजन?’ हा प्रश्न हमखास येतो. पंपावर साधी हवा मोफत मिळते, नायट्रोजनसाठी दर टायरमागे पैसे मोजावे लागतात. ‘नायट्रोजन भरला की टायर फुटत नाही’ असे ऐकलेले असल्याने अनेक जण ते देतातही. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गावर टायर फुटून अपघात होऊ लागल्यानंतर या विषयाची चर्चा आणखी वाढली. पण या दाव्यात तथ्य किती?

दोन्हींत फरक काय?

आपण श्वासात घेतो त्या हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो. उरलेल्यात सुमारे २१ टक्के ऑक्सिजन आणि थोडे इतर वायू. म्हणजे साधी हवा भरलेल्या टायरमध्येही तीन चतुर्थांशांहून अधिक नायट्रोजन असतोच. पंपावरचे यंत्र हवेतला बराचसा ऑक्सिजन आणि ओलावा बाजूला काढते. शिवाय टायरमधली हवा सोडली तरी आत वातावरणाच्या दाबाइतकी हवा उरते. त्यावर एकदाच नायट्रोजन भरला, तर साधारण एक तृतीयांश वाटा जुन्या हवेचाच राहतो.

हवा कमी होत नाही, हे खरे का?

अंशतः खरे. रबरातून ऑक्सिजन तुलनेने लवकर झिरपतो, नायट्रोजन सावकाश. अमेरिकेतील ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहक संस्थेने २००६-०७ मध्ये ३१ प्रकारच्या टायरवर वर्षभर चाचणी केली. सुरुवातीला सर्वांत ३० पीएसआय दाब होता. वर्षअखेरीस साधी हवा भरलेल्या टायरमधला दाब सरासरी ३.५ पीएसआयने, तर नायट्रोजन भरलेल्यांतला २.२ पीएसआयने घटला. फरक १.३ पीएसआय, तोही वर्षभरात. खिळा घुसला किंवा व्हॉल्व्ह गळका असला, तर दोन्ही सारखेच निघून जातात.

उन्हाळ्यात नायट्रोजन प्रसरण पावत नाही?

पावतो. तापमान वाढले की बंद टायरमधला दाब वाढतो, मग वायू कोणताही असो. कारच्या टायरमध्ये दर ५-६ अंश सेल्सियसला साधारण १ पीएसआय फरक पडतो. कॉम्प्रेसरमधून हवेबरोबर पाणी आत गेले असेल, तर मात्र दाबाचा चढउतार थोडा जास्त होतो. कोरडा नायट्रोजन तिथे उजवा ठरतो.

मग विमानात नायट्रोजनच का?

तिथले कारण आगीचे आहे. उतरताना ब्रेक प्रचंड तापतात आणि टायरमधला ऑक्सिजन आगीला खतपाणी घालू शकतो. ३१ मार्च १९८६ रोजी मेक्सिकोत ‘मेक्सिकाना’ कंपनीचे बोइंग ७२७ कोसळून सर्व १६७ जण दगावले. नायट्रोजनऐवजी हवा भरलेला टायर ब्रेकच्या उष्णतेने फुटला, हे त्यामागचे कारण होते. घरच्या कारचे टायर अशा परिस्थितीतून जात नाहीत.

टायर फुटतो कशाने?

उन्हाळ्यात फुटू नये म्हणून टायरमध्ये हवा कमी ठेवण्याची सवय अनेकांना आहे. धोका नेमका तिथेच आहे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेरीत जास्त दबते, जास्त वाकते आणि आतून तापत जाते. त्यात तासी १२० किलोमीटरचा वेग, भरलेली गाडी आणि काँक्रीटचा लांबलचक रस्ता. तापून तापून आतले थर सुटू लागतात आणि टायर फुटतो. जुने, झिजलेले किंवा बाजूला फुगा आलेले टायर आधी दगा देतात. समृद्धीवर परिवहन विभागाने टायर तपासणी हाती घेतली, ती याच कारणाने.

मग करायचे काय?

दाब किती हवा, हे चालकाच्या दाराच्या चौकटीवरील स्टिकरवर लिहिलेले असते. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो प्रमाण धरू नये. दाब टायर थंड असताना, शक्यतो सकाळी निघण्यापूर्वी तपासावा. लांबच्या प्रवासात तापलेल्या टायरमधली हवा ‘वाढली’ म्हणून सोडू नये. महिन्यातून एकदा आणि मोठ्या प्रवासाआधी तपासणी करावी, स्टेपनीसह. टायरवरील शेवटचे चार आकडेही पाहावेत. २३२१ म्हणजे २०२१ च्या २३व्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरवर आली की टायर बदलावा.

नायट्रोजन भरलेल्या टायरमध्ये गरजेला साधी हवा भरली तर काहीही बिघडत नाही. नायट्रोजन जवळ मिळत असेल आणि दर परवडत असेल, तर जरूर भरावा. मात्र तो भरला म्हणून दाब तपासणेच सोडले, तर वर्षभरात वाचलेल्या १.३ पीएसआयपेक्षा नुकसान मोठे होते. त्यापेक्षा दोन-तीनशे रुपयांचा गेज गाडीत ठेवून तो नियमित वापरणे अधिक सुरक्षित.