इमारत नसलेला दरवाजा

राष्ट्रीय महामार्ग ६६ पनवेलला सुरू होतो आणि पार कन्याकुमारीला जाऊन संपतो. आम्हा पनवेलकरांसाठी मात्र तो नुसता ‘गोव्याचा रस्ता’. या खेपेला गुडघ्यांचा विचार करून आम्ही कोकण रेल्वे धरली आणि करमळीला उतरलो. बरोबर सौ. आणि नऊ वर्षांची नात. जुन्या गोव्यातली दोन मोठी चर्च पाहून झाल्यावर नात कंटाळली, तेव्हा रिक्षावाला म्हणाला, ‘‘एक दरवाजा आहे, दाखवू?’’

खरोखरच नुसता दरवाजा! रस्त्यालगत जांभ्या दगडाची उंच कमान, दोन्ही अंगांना काळ्या दगडाचे नक्षीदार खांब, वर एक कोनाडा आणि त्याच्याही वर क्रूस. मागे काही नाही, माड आणि आभाळ. नात आत गेली, बाहेर आली, पुन्हा आत गेली आणि तिनं विचारलं, ‘‘आजोबा, यातली आतली बाजू कुठली?’’

हे सेंट पॉल कॉलेजच्या चर्चचं दार. कॉलेजचं उद्घाटन २५ जानेवारी १५४३ रोजी झालं. फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यात उतरले आणि पुढं इथंही राहिले. हिंदुस्थानातला पहिला छापखाना १५५६ मध्ये चालू झाला तोही इथं. खरं तर तो निघाला होता अबिसीनियाला. वाटेत गोव्यात उतरवला आणि इथलाच झाला. आपली मराठी त्या खिळ्यांपर्यंत पोचायला पुढं साठ वर्षं लागली. फादर स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं. भाषा मराठी, लिपी रोमन. ते नजरेखालून गेलं आणि ओव्या लिहिणारा हा माणूस जन्मानं इंग्रज होता हे कळलं, तेव्हा मी चाट पडलो होतो.

चौतीस वर्षं बँकेत काढल्यामुळं मला कुठलीही इमारत दिसली, की पहिला प्रश्न पडतो, पैसा कुठून आला? इथलं उत्तर गोड नाही. १५४० च्या सुमारास तिसवाडीतली देवळं पाडली गेली होती. त्या देवळांच्या जमिनींचं उत्पन्न १५४१ मध्ये या संस्थेच्या कामाला लावून देण्यात आलं. गावकऱ्यांनी त्याला संमती दिली अशी नोंद आहे. अशा संमत्या कशा मिळतात हे कर्जवसुलीला गेलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

जमाखात्याची ही कथा, तर खर्चाची दुसरी. १५७० मध्ये साथ आली आणि कॉलेज सोडून द्यावं लागलं. तरीही वास्तू उभी होती. १८३२ मध्ये सरकारनंच ती पाडायचा हुकूम काढला आणि बरंचसं सामान नव्या गोव्याच्या, म्हणजे पणजीच्या, बांधकामासाठी गेलं. पणजीतल्या कुठल्या भिंतीत इथला कुठला दगड बसला असेल, देव जाणे. जवळच सेंट कॅजेटन चर्चपाशी आदिलशहाच्या वाड्याचंही असंच दार तेवढं उरलं आहे. एकाच गावात दोन सत्तांची दोन दारं, आणि दोन्हींमागे घर नाही!

आज ही कमान केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतरच्या कायद्यानुसार अशा संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत नवं बांधकाम करायला मनाई आहे, आणि त्यापुढच्या दोनशे मीटरमध्ये परवानगी घ्यावी लागते. सगळी वास्तू होती तेव्हा तिच्या दगडांचा हिशेब झाला. एक दार उरलं तेव्हा त्याच्या भोवतीची जमीनही जपायची ठरली.

सौ.नं कमानीखाली चप्पल काढली. मी म्हटलं, ‘‘अगं, देऊळ नाही हे, आणि चर्चही नाही आता.’’

‘‘उंबरठा तर आहे ना?’’ ती म्हणाली.

नातीला तिच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहून गेलं होतं. रिक्षात बसल्यावर तिनं तो पुन्हा विचारला. मी रिक्षावाल्याकडे पाहिलं. त्यानं रिक्षा चालू केली.