पहाटेचं पाणी

मल्लेश्वरमच्या कडेचं सँकी तळं 1882 मध्ये पाणीपुरवठ्यासाठी बांधलं गेलं. बंगळुरूच्या अशा जुन्या तळ्यांत मत्स्यशेती टिकवायची, तर माझ्या मते आधी पहाटेचं पाणी तपासायला हवं. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं, रात्री मात्र फक्त वापरतं. म्हणून सूर्योदयाच्या सुमारास प्राणवायूचा साठा तळाला जातो. सांडपाणी शिरलं की शेवाळ माजतं, मग मासे गुदमरून मरतात.

माशांच्या बियाण्याची अडचण केव्हाच सुटली आहे. 1957 मध्ये ओडिशात मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरी आणि अलीकुन्ही यांनी पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांची पैदास साधली. या कार्पांपैकी कटला वर, रोहू मध्ये, मृगळ तळाशी चरतो. म्हणून तिन्ही एकत्र वाढवता येतात. सांडपाणी अडवणं मात्र मत्स्यपालकाच्या हातात नाही, ते महापालिकेनंच करायला हवं.