संत्र्याचा रस, तूस आणि लोहचुंबक

पालकाचीं पानें स्पिरिटांत कुसकरून अर्क गाळावा आणि उन्हांत धरून बाजूनें पाहावा. हिरवा अर्क तांबडा झळकतो. वर्गांत हा प्रयोग दाखवितांना मुलांपेक्षां मीच अधिक हरखत असें. एका रंगाचा प्रकाश गिळून दुसऱ्या रंगाचा परत देणें, यास प्रतिदीप्ति म्हणतात.

२०१२ सालीं संत्र्याचा रस बंद पात्रांत १२० अंश सेंटिग्रेडवर तापवून असेच प्रतिदीप्त कार्बन-कण तयार करण्यांत आले. एकेक कण मिलिमीटरच्या लक्षांशाहूनही लहान! रसांतील साखर व आम्लें तापून परस्परांस जडतात आणि कार्बनचा गाभा बनतो.

हा कण लोहचुंबकानें ओढला जावा म्हणून त्यास मॅग्नेटाइटची, म्हणजे काळ्या लोह-ऑक्साइडची, जोड देतात. दोन प्रकारच्या लोहक्षारांच्या द्रावणांत अल्कली घातली कीं हें काळें चूर्ण खालीं बसतें. अडचण येथेंच आहे. मॅग्नेटाइट अगदीं लगत आलें, तर कार्बन-कणाची दीप्ति मालवून टाकतें! सबब दोहोंमध्यें सिलिकेचा पातळ पडदा घालावा लागतो. ती सिलिका भाताच्या तुसांच्या राखेंत विपुल असते. लोखंड मात्र झाडापासून येत नाहीं. तेव्हां या कणांस सर्वस्वीं वनस्पतिजन्य म्हणणें मला अतिशयोक्तीचें वाटतें.

अशा कणांवर विशिष्ट जंतूस चिकटणारें प्रथिन बसवितात. मग पाण्यांत विखुरलेले ते जंतु चुंबकानें एका बाजूस ओढतां येतात, आणि सूक्ष्मदर्शकाखालीं, जांभळ्यापलीकडील अदृश्य किरणांत, चिकटलेले कण उजळून जंतूंची आकृति दाखवितात.