‘सिंगल’ म्हणजे कशाचं सिंगल? व्हिस्कीच्या लेबलावरचे शब्द

मंडळी, व्याख्या कशी बिघडते हे सांगताना न्यायदर्शनात गाईचं उदाहरण देतात. ‘शिंगं असतात ती गाय’ म्हटलं की म्हैसही आत शिरते, ही अतिव्याप्ती. ‘कपिल रंगाची ती गाय’ म्हटलं की पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ती. हेच दोन दोष आज आपण व्हिस्कीच्या बाटलीवर पाहू. हसू नका, हा प्रश्न लंडनच्या कोर्टात खरोखर गेला होता.

1905 साली इज्लिंग्टनच्या नगरपालिकेने तिथल्या दारूविक्रेत्यांवर खटला भरला. म्हणणं असं की, हे व्हिस्की म्हणून विकतात ती व्हिस्कीच नव्हे. जुनी व्हिस्की म्हणजे मोड आणलेल्या बार्लीची, म्हणजे माल्टची, तांब्याच्या पॉट स्टिलमध्ये एकेक घाणा गाळलेली. 1830 साली कॉफी नावाच्या गृहस्थाने उभ्या खांबासारख्या यंत्राचं पेटंट घेतलं, आणि त्यातून मका वगैरे धान्याचं सौम्य स्पिरिट अखंड आणि स्वस्तात निघू लागलं. ते माल्टमध्ये मिसळलं की झालं ब्लेंड. मॅजिस्ट्रेटने 1906 मध्ये निकाल नगरपालिकेच्या बाजूने दिला. मग धंद्यात खळबळ, रॉयल कमिशन, आणि 1909 चा अहवाल: दोन्ही व्हिस्कीच! जुनी व्याख्या अव्याप्त ठरली. आमच्या मते इथे अर्थ वस्तूतून निघाला नाही, वापरातून निघाला.

आता लेबल वाचू. स्कॉचसाठी 2009 च्या नियमांनी पाच प्रकार ठरवून दिले आहेत. सर्वांत जास्त घोटाळा होतो तो ‘सिंगल’ या शब्दाचा. लोकांना वाटतं, एकाच पिंपातली, काहीही न मिसळलेली. तसं नाही. सिंगल म्हणजे एकाच डिस्टिलरीची. सिंगल माल्टच्या बाटलीत वेगवेगळ्या वयाच्या अनेक पिंपांचं मिश्रण असू शकतं, आणि बहुधा असतंच. ‘सिंगल ग्रेन’ तर आणखी फसवं. तिथेही डिस्टिलरी एक, धान्यं मात्र एकाहून जास्त चालतात. ‘ब्लेंडेड माल्ट’ म्हणजे अनेक डिस्टिलऱ्यांचे माल्ट एकत्र, आणि नुसतं ‘ब्लेंडेड’ म्हणजे माल्ट अधिक ग्रेन. पाचवा प्रकार ब्लेंडेड ग्रेन, तो क्वचितच दिसतो.

ही काटेकोर शब्दांची भांडणं कशाला, असं वाटेल. 2003 मध्ये ‘कार्डू’ या सिंगल माल्टला मागणी इतकी वाढली की माल पुरेना. कंपनीने इतर डिस्टिलऱ्यांचे माल्ट मिसळले आणि लेबलावर ‘सिंगल’च्या जागी ‘प्युअर’ घातलं. नाव तेच, बाटलीही जवळपास तीच! प्युअर म्हणजे शुद्ध, हे खोटं नव्हतं, सगळा माल्टच होता. पण खऱ्या शब्दानेही गिऱ्हाईक फसतं. गदारोळ झाला, माल मागे घ्यावा लागला, आणि 2009 च्या नियमांनी स्कॉचवर ‘प्युअर माल्ट’ लिहायला बंदी केली.

वयाचा आकडा मात्र प्रामाणिक. 12 लिहिलं तर बाटलीतली सर्वांत तरुण व्हिस्की 12 वर्षांची. ही वर्षं ओकच्या पिंपातली. आजोबांच्या कपाटात बाटली चाळीस वर्षं राहिली म्हणून वय वाढत नाही, हं. रंगावर जाऊ नका, स्कॉचमध्ये कॅरॅमलचा रंग चालतो. अमेरिकन बर्बनमध्ये चालत नाही. तिथे निदान 51 टक्के मका आणि आतून जाळलेलं कोरं ओकचं पिंप लागतं. तीच वापरलेली पिंपं मग स्कॉटलंडला जातात. ‘व्हिस्की’च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘ई’ असेल तर माल बहुधा आयर्लंडचा किंवा अमेरिकेचा. त्यापलीकडे त्या ‘ई’ला अर्थ नाही.

आता आपलं घर. परवाना खिशात असणाऱ्यांनी ‘42.8 टक्के, 25 यूपी’ हे वाचलं असेल. जुन्या ब्रिटिश मापाचं ‘प्रूफ’ म्हणजे सुमारे 57.1 टक्के अल्कोहोल, यूपी म्हणजे त्याहून 25 टक्के खाली. साधा गुणाकार करून पाहा. पण मूळ प्रश्न वेगळा. आपल्याकडची पुष्कळशी व्हिस्की उसाच्या मळीच्या स्पिरिटवर उभी आहे. युरोपच्या कायद्यात व्हिस्की धान्याचीच, त्यामुळे ही तिथे त्या नावाने विकता येत नाही. बेंगळुरूच्या ‘अमृत’ने 2004 मध्ये ग्लासगोत सिंगल माल्ट आणला तो बार्लीचा, गोव्याच्या ‘पॉल जॉन’चाही तसाच. त्यांच्या बाटल्यांवर वय सहसा नसतं, कारण आपल्या उकाड्यात पिंपातला माल झपाट्याने मुरतो आणि झपाट्याने उडूनही जातो.

मागून प्रश्न आला आहे: मग मळीची ती व्हिस्की म्हणायची की नाही? कच्च्या मालावरून पाहिलं तर ती रमची बहीण. नुसत्या वापराची फूटपट्टी लावली, तर लाखो लोक ज्याला व्हिस्की म्हणतात ती व्हिस्की. आम्ही म्हणू, नाव राहू द्या. फक्त ‘मळीपासून’ हा शब्द पुढच्या लेबलावर, ‘व्हिस्की’ एवढ्याच मोठ्या अक्षरांत छापा.