ध्वनिमुद्रित वाणी आणि खोलीचा अनुनाद

ॲल्विन ल्यूसिअर (१९३१–२०२१) या अमेरिकन संगीतकाराची ‘आय ॲम सिटिंग इन अ रूम’ (१९६९) ही कृती ध्वनिविचाराच्या अभ्यासकाने अवश्य ऐकावी. ल्यूसिअर यांनी स्वतःचे छोटेसे गद्य निवेदन ध्वनिफितीवर घेतले, ते खोलीत वाजवून पुन्हा मुद्रित केले, आणि हाच क्रम चालू ठेवला. १९८१ च्या तबकडीत अशी ३२ आवर्तने आहेत. खोली ज्या कंपनसंख्यांना अनुनाद देते त्या उत्तरोत्तर बळावतात, इतर क्षीण होतात; मुखविवर स्वरांना जसा आकार देते, तसाच हा प्रकार. शब्द ओळखेनासे होतात, लय तेवढी उरते. ल्यूसिअर बोलताना अडखळत. वाणीतील ही विषमता घासून काढण्याचा हेतू निवेदनातच नमूद आहे. परंतु उरलेल्या लयीचा घाट त्या अडखळण्याचाच असतो.