हातोहाती फिरणारी पुस्तके : कोलकात्यातील विज्ञानकथेचे वाचक

पुस्तक वाचकापर्यंत पोहोचण्याचे मार्ग अनेक आहेत. ते दुकानातून विकत घेता येते, ग्रंथालयातून आणता येते, क्वचित बक्षीस म्हणूनही मिळते. परंतु या सर्वांहून जुना आणि अधिक विश्वासाचा मार्ग म्हणजे एका वाचकाने दुसऱ्याच्या हाती पुस्तक देऊन “हे अवश्य वाचा” असे सांगणे हा होय. सर्वच वाङ्मयाचा प्रसार थोडाबहुत अशा रीतीने होत असतो; तथापि विज्ञानकथा आणि अद्भुतकथा या प्रकारांच्या बाबतीत हा मार्ग केवळ सोयीचा नसून जवळजवळ अपरिहार्य ठरला आहे. असे का व्हावे, आणि या शिफारशींच्या बळावर एक वाङ्मयप्रकार कसा उभा राहू शकतो, हे समजून घेण्यास कोलकाता शहराचे उदाहरण फार उपयोगी पडते.

शिफारशीची गरज का भासते?

याची कारणे तीन आहेत. पहिले असे की, विज्ञानकथेकडे समीक्षकांनी दीर्घकाळ मुलांच्या करमणुकीचे साधन म्हणूनच पाहिले. पाठ्यपुस्तकांत तिला क्वचितच स्थान मिळाले, आणि वाङ्मयीन नियतकालिकांत तिची परीक्षणेही अभावानेच येत. अर्थातच चांगले काय आणि टाकाऊ काय हे सांगणारा अधिकारी मार्गदर्शक वाचकाला लाभला नाही. ते काम वाचकांनाच एकमेकांसाठी करावे लागले. दुसरे कारण, या कथा प्रथम प्रसिद्ध होत त्या मासिकांत आणि पूजा-वार्षिकांत. मासिक महिनाभर दुकानात दिसते आणि मग नाहीसे होते. त्यानंतर ते सापडते ते कोणाच्या तरी घरच्या कपाटात. तिसरे कारण या वाङ्मयाच्या स्वरूपातच आहे. अशी कथा वाचताना एखादी अशक्यप्राय गोष्ट घटकाभर खरी मानावी लागते. अनोळखी लेखकासाठी वाचक सहसा एवढे करत नाही. मित्राच्या शब्दाखातर करतो. शिवाय या कथेतील नवल आधी सांगून टाकले तर तिची गोडीच उरत नाही. म्हणून शिफारस करणाऱ्याला कथानक सांगता येत नाही, फक्त स्वतःचा शब्द देता येतो.

अड्डा आणि कथा

बंगाली समाजात ‘अड्डा’ या शब्दाला जो अर्थ आहे, तो मराठीतील ‘गुत्ता’ या अर्थच्छटेपासून फार दूरचा आहे. आपल्याकडील कट्ट्यावरची बैठक काहीशी त्याच्याजवळ येते. चहाच्या दुकानात, कॉलेज स्ट्रीटवरील कॉफी हाउसमध्ये किंवा एखाद्या घराच्या ओट्यावर चार माणसे जमतात, आणि राजकारण, फुटबॉल, सिनेमा, पुस्तके अशा विषयांवर तासन् तास बोलणे चालते. प्रेसिडेन्सी विद्यापीठाच्या कठड्याला लागून असलेली जुन्या पुस्तकांची दुकाने आणि समोरचे कॉफी हाउस यांत अंतर आहे ते रस्ता ओलांडण्यापुरतेच. पुस्तक इकडे विकत घ्यावे आणि तिकडे त्यावर वाद घालावा, अशी सोयच या शहराने करून ठेवली आहे.

बंगालमधील एका अत्यंत लोकप्रिय कथामालेची घडणही अड्ड्याचीच आहे, हे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. प्रेमेंद्र मित्र यांनी १९४५ मध्ये ‘मशा’ म्हणजे ‘डास’ या कथेतून ‘घनादा’ हे पात्र निर्माण केले. बनमाली नस्कर लेनमधील ७२ क्रमांकाच्या घरात काही तरुणांचे एक ‘मेस’, म्हणजे खानावळीसह राहण्याचे बिऱ्हाड, आहे. तेथे राहणारे घनादा जगाच्या कानाकोपऱ्यांत आपण केलेल्या पराक्रमांच्या कथा सांगतात, शिशिर नावाच्या तरुणाकडून उसन्या सिगारेटी घेतात आणि त्यांचा हिशोब मात्र वाढतच राहतो. ऐकणाऱ्यांना या गोष्टी थापा आहेत हे ठाऊक असते; पण त्यांतला भूगोल आणि विज्ञान यांचा तपशील मात्र पक्का असतो. घनादांना बोलते करण्यासाठी ही मंडळी चमचमीत पदार्थ मागवतात, नाना युक्त्या योजतात. कथा ही चार जणांत वाटून घेण्याची वस्तू आहे, ही जाणीव वाचकाला या कथांतूनच मिळत गेली.

केशतेलापासून ‘आश्चर्य’पर्यंत

बंगालमधील विज्ञानकथेचा आरंभ याहून बराच जुना आहे. १८९६ मध्ये जगदीशचंद्र बोस यांनी ‘निरुद्देशेर काहिनी’ ही कथा लिहिली. ‘कुंतलीन’ या केशतेलाच्या उत्पादकाने ठेवलेल्या कथास्पर्धेत तिला पारितोषिक मिळाले. बंगालच्या उपसागरातील एक वादळ बाटलीभर तेलाने शमते, अशी तिची कल्पना होती. पुढे लेखकाने तिचे पुनर्लेखन करून ‘पलातक तुफान’ या नावाने ती १९२१ च्या ‘अव्यक्त’ या संग्रहात घेतली. १९०५ मध्ये बेगम रुकैया यांनी इंग्रजीत लिहिलेल्या ‘सुलतानाज ड्रीम’ या कथेत स्त्रिया सूर्याच्या उष्णतेचा उपयोग करून राज्य चालवतात आणि पुरुष पडद्यात राहतात. १९१३ मध्ये उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांनी ‘संदेश’ हे मुलांचे मासिक सुरू केले. त्यांचे नातू सत्यजित राय यांनी कवी सुभाष मुखोपाध्याय यांच्यासह १९६१ मध्ये त्याचे पुनरुज्जीवन केले, आणि त्याच वर्षी प्रोफेसर शंकू या शास्त्रज्ञाची पहिली कथा त्यात प्रसिद्ध झाली.

तथापि वाचकांना एकत्र आणण्याचे काम प्रामुख्याने केले ते अद्रीश बर्धन यांनी. १९६३ च्या जानेवारीत त्यांनी ‘आश्चर्य!’ हे मासिक काढले. संपादक म्हणून ते ‘आकाश सेन’ हे टोपणनाव वापरत. केवळ विज्ञानकथेला वाहिलेले भारतीय भाषांतील पहिले मासिक म्हणून त्याचा उल्लेख केला जातो. ‘कल्पविज्ञान’ हा शब्द बंगालीत रूढ करण्याचे श्रेयही बर्धन यांनाच दिले जाते. एखाद्या प्रकाराला स्वतःचे नाव मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. नाव नसते तोवर वाचकाला “तसले काहीतरी आणखी आहे का?” एवढेच विचारता येते; नाव मिळाले की ग्रंथपालाकडे मागणी करता येते, आणि आपल्यासारखाच दुसरा वाचक ओळखताही येतो.

या मासिकाभोवती जमलेल्या मंडळींनी १९६६ मध्ये ‘सायन्स फिक्शन सिने क्लब’ स्थापन केला. सत्यजित राय त्याचे अध्यक्ष होते, प्रेमेंद्र मित्र उपाध्यक्ष आणि बर्धन चिटणीस. त्याच वर्षी आकाशवाणीच्या कलकत्ता केंद्रावरून ‘सबुज मानुष’, म्हणजे ‘हिरवा माणूस’, या सूत्रावरील कथा प्रसारित झाल्या. प्रेमेंद्र मित्र, अद्रीश बर्धन, दिलीप रायचौधुरी आणि सत्यजित राय अशा चौघांनी त्या लिहिल्या होत्या. एकाने सुरुवात करावी आणि दुसऱ्याने पुढे न्यावे, ही अड्ड्याची रीत येथे लेखनातच उतरली.

या क्लबच्या निमित्ताने राय यांचा आर्थर क्लार्क यांच्याशी पत्रव्यवहार झाला. क्लार्क तेव्हा श्रीलंकेत राहत होते. त्या परिचयातूनच पुढे, १९६७ मध्ये, परग्रहावरून बंगालच्या खेड्यात आलेल्या जीवाविषयीची ‘द एलियन’ ही पटकथा राय यांनी लिहिली. तो चित्रपट निघाला नाही. परंतु हौशी रसिकांच्या एका लहानशा मंडळाची शुभेच्छांची विनंती समुद्रापलीकडे जाऊन कोठवर पोहोचू शकते, हे त्यावरून दिसून येते.

जे टिकले आणि जे गेले

‘आश्चर्य!’ सुमारे नऊ वर्षे चालले. कौटुंबिक आपत्तीनंतर बर्धन यांना ते थांबवावे लागले. १९७५ मध्ये त्यांनी ‘फँटास्टिक’ हे दुसरे मासिक सुरू केले. २०१९ मध्ये त्यांचे निधन झाले. अशा मासिकांचे अंक स्वस्त कागदावर छापलेले असत, आणि कोलकात्याची दमट हवा कागदाला मुळीच मानवत नाही. मोठी ग्रंथालये मान्यवर ग्रंथ जपून ठेवतात; करमणुकीची मासिके बहुधा रद्दीत जातात. त्यामुळे या प्रकारातील पुष्कळसे लेखन कायमचे नाहीसे होण्याचा धोका होता, आणि काही प्रमाणात तो आजही टळलेला नाही.

प्रोफेसर शंकूच्या पहिल्या कथेत एक रोजनिशी येते. तिचा कागद फाटत नाही, आगीत जळत नाही. अखेरीस मात्र साध्या मुंग्या ती फस्त करतात. वाचकापर्यंत मजकूर पोहोचतो तो केवळ ती वही आधी एका हातातून दुसऱ्या हातात गेली म्हणून. ‘आश्चर्य!’च्या बाबतीत कसर आणि वाळवी यांनी तेच काम केले, आणि मजकूर वाचवला तोही अशाच हातांनी. ज्या वाचकांनी अंक जपले, बांधून घेतले, मित्रांना दिले आणि परत मागून घेतले, त्यांच्याच कपाटांतून पुढील पिढीला ते मिळाले. अलीकडच्या काळात उत्साही वाचकांनी जुने अंक शोधून त्यांच्या प्रतिमा संगणकावर उतरवल्या आहेत. २०१६ पासून ‘कल्पविश्व’ या नावाने काम करणाऱ्या तरुण मंडळींनी नव्या लेखनाबरोबर जुन्या लेखनाच्या पुनर्मुद्रणाकडेही लक्ष दिले आहे.

येथे एक प्रश्न सहजच उभा राहतो. दुर्मीळ पुस्तक दुसऱ्याला द्यावे की न द्यावे? दिले तर हरवण्याची भीती. न दिले तर ते बंद कपाटात राहून जणू नसल्यासारखेच होते. हा पेच खरा आहे आणि त्याचे सोपे उत्तर नाही. कोलकात्याच्या अनुभवावरून एवढे मात्र म्हणता येते की, एकच प्रत फिरवण्यापेक्षा तिची नक्कल करून फिरवणे शहाणपणाचे; आणि कोणालाही न दाखवलेल्या प्रतीचे मोल मालकाच्या पश्चात बहुधा रद्दीच्या भावानेच ठरते.

मराठी वाचकासाठी

मराठीतही हीच वाटचाल वेगळ्या रीतीने झाली आहे. अनंत अंतरकर यांच्या ‘नवल’ मासिकाने अद्भुताची आवड जोपासली, भा. रा. भागवत यांनी ज्यूल व्हर्न मुलांच्या हाती दिला. मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी जयंत नारळीकर यांनी १९७४ मध्ये ‘कृष्णविवर’ ही कथा टोपणनावाने पाठवली. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नीकडून लिहवून घेतली होती. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. बोस यांच्या केशतेलाच्या स्पर्धेची येथे आठवण झाल्यावाचून राहत नाही.

असे असूनही या दोन भाषांतील वाचकांची परस्परांशी ओळख बेताचीच आहे. मामा वरेरकरांच्या अनुवादांमुळे शरच्चंद्र मराठी घरांत वावरले. फेलूदाच्या कथाही मराठीत आल्या. परंतु ‘आश्चर्य!’ हे नाव फारच थोड्या मराठी वाचकांना ठाऊक असेल. याचे कारण भाषेचे अंतर एवढेच नाही. अनुवाद होण्यापूर्वी कोणीतरी अनुवादकाला “हे वाचा” असे सांगावे लागते, आणि ते सांगणारा दुभाषी वाचक विरळा असतो. शब्दांचे चकवेही असतात. बंगालीतील ‘रूपकथा’ म्हणजे आपली परीकथा. तिला मराठीतील ‘रूपककथा’ समजणारा वाचक भलत्याच अपेक्षेने पुस्तक उघडेल. तेथील ‘उपन्यास’ ही आपली कादंबरी, आणि ‘गल्प’ ही कथा.

शिफारस कशी करावी?

या प्रकारातील पुस्तक दुसऱ्याला सुचवताना काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. आरंभ लहान कथेने करावा. अनेक खंडांची मालिका पहिल्याच भेटीत हाती देऊ नये. कथेची मूळ कल्पना सांगावी, शेवट सांगू नये. ज्याला प्रवासवर्णने आवडतात त्याला घनादा आवडतील. ज्याला समाजसुधारणेचा इतिहास प्रिय आहे त्याने बेगम रुकैयांपासून सुरुवात करावी. दोषही लपवू नयेत. जगदानंद राय यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शुक्रावर प्राणी कल्पिले. आज शुक्राच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ४६० अंश सेल्सियस असल्याचे आपणांस ठाऊक आहे. हे आधीच सांगितले, तर वाचक चूक काढत बसण्याऐवजी त्या काळाचे कुतूहल समजून घेतो. आणि शेवटी, पुस्तक परत आल्यावर ते कसे वाटले हे अवश्य विचारावे. नापसंतीही मोकळेपणाने ऐकावी. तिच्यातूनच पुढचे पुस्तक कोणते द्यावे ते कळते.

ग्रंथालयांनाही यात पुष्कळ करता येण्यासारखे आहे. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने २००९ मध्ये सुरू केलेल्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या योजनेत पुस्तकांच्या पेट्या वाचकगटांमध्ये फिरतात. अशा एखाद्या पेटीत मराठी विज्ञानकथांच्या शेजारी बंगालीतून अनुवादित कथा ठेवता येतील. लहान गावातील वाचनालयालाही एक वही टेबलावर ठेवून वाचकांना आपापल्या आवडीची चार नावे लिहिण्यास सांगता येईल. खर्च वहीपुरताच.

कोलकात्यातील ज्या मंडळींनी साठ वर्षांपूर्वी हे काम आरंभिले, त्यांच्यापाशी ना पैसा होता, ना विद्यापीठांचा आधार. एक मासिक, एक क्लब आणि बोलायला जमणारे मित्र एवढीच त्यांची सामग्री होती. मासिक बंद पडले, क्लबही फार काळ चालला नाही. परंतु तेथे वाचलेल्या कथा ज्यांनी दुसऱ्यांना सांगितल्या, त्यांच्यामुळे कल्पविज्ञान हा शब्द आज बंगाली वाचकाला परका वाटत नाही. आपल्या कपाटातही असे एखादे पुस्तक असेल. ते कोणाला द्यावे, याचा विचार वाचकांनी करावा.