राजगीरचे गरम पाणी : थकवा उतरेल, आजार नाही

थंडी सुरू झाली की वस्त्यांमधून बुद्धगयेच्या गाड्या भरू लागतात. बुद्धगया, राजगीर, नालंदा, सारनाथ, कुशीनगर अशी ती यात्रा. वर्षभर भिशीत पैसे साठवून निघालेल्या आया-मावश्या, निवृत्त सफाई कामगार, गुडघेदुखीने बेजार झालेले काका, सगळे त्यात असतात. राजगीर आले की बहुतेकांचा एकच प्रश्न असतो : "गरम पाण्याने आंघोळ केली की सांधेदुखी, खरूज, बीपी जाते म्हणतात, खरे का?" या अंकात आम्ही त्याचेच उत्तर देत आहोत.

बिहारमधील नालंदा जिल्ह्यात पाच डोंगरांच्या कुशीत राजगीर आहे. बिंबिसार राजाची राजधानी ती हीच, जुने राजगृह. इथले डोंगर आणि जंगल मिळून सुमारे ३६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य १९७८ साली घोषित झाले. नीलगाय, रानडुक्कर, कोल्हा आणि पुष्कळ पक्षी तिथे आहेत. वैभार डोंगराच्या पायथ्याशी गरम पाण्याचे झरे आहेत. पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून खोल मुरते, पोटातल्या उष्णतेने तापते आणि पुन्हा वर येते. त्यात चमत्कार काही नाही. ब्रह्मकुंडाचे पाणी सुमारे ४५ अंश गरम असते. आपले शरीर ३७ अंशांचे असते, म्हणजे हे पाणी चांगलेच कडक झाले.

हे झरे तथागतांच्या काळीही होते. पाली साहित्यात त्यांना 'तपोदा' म्हटले आहे. विनयपिटकात एक प्रसंग आहे. बिंबिसार राजा डोक्यावरून आंघोळ करायला तपोदावर आला. भिक्खू आंघोळ करीत होते, म्हणून तो थांबून राहिला. भिक्खूंची आंघोळ अंधार पडेपर्यंत चालली. राजाचे उरकेपर्यंत नगराचे दरवाजे बंद झाले आणि त्याला रात्र बाहेर काढावी लागली. हे कळल्यावर तथागतांनी आंघोळीला मर्यादा घालणारा नियम केला. पुढे त्यातून उन्हाळा, उकाड्याचे दिवस, आजारपण, अंगमेहनत, प्रवास आणि वारा-पाऊस यांना सूट दिली. आजारी माणूस, कष्टकरी आणि प्रवासी यांची गरज नियमापेक्षा मोठी मानली. पाणी सर्वांचे आहे, म्हणून आपले उरकून दुसऱ्याला जागा द्यायची, एवढा साधा धडा त्यात आहे.

आता गुण किती येतो ते पाहू. गरम पाण्याने रक्तवाहिन्या रुंदावतात, आखडलेले स्नायू सैल होतात आणि दुखणे काही तासांपुरते हलके वाटते. दोन दिवस बसमध्ये बसून आलेल्या शरीराला ते बरे वाटणारच. पण त्याने झिजलेला सांधा भरून येत नाही, साखर कमी होत नाही आणि बीपीची गोळी सुटत नाही. खरूज आणि नायटा यांना औषधच लागते, आणि खरजेचे औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी घ्यावे लागते. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल, तर तो कुष्ठरोग असू शकतो. त्याची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि तो पूर्ण बरा होतो. झऱ्याच्या भरवशावर दिवस घालवले तर हाता-पायात कायमचे अपंगत्व येऊ शकते.

आमच्या गाडीतील एक मावशी कुंडातून उठताच चक्कर येऊन पायरीवर बसल्या. सोबतच्या एकीने "बीपी वाढला असेल" म्हणून पिशवीतून गोळी काढली. गाडीत आमच्या वस्तीतली एक नर्सताई होती. तिने गोळी थांबवली. गरम पाण्याने रक्तवाहिन्या रुंदावल्या की बीपी खाली येतो, आणि एकदम उठले की आणखी उतरतो. अशा वेळी वरून गोळी दिली तर त्रास वाढतो. मावशींना पाण्यापासून दूर आडवे केले, पाय उंच ठेवले, घोट घोट पाणी दिले. दहा मिनिटांत त्या बोलू लागल्या. अशा वेळी छातीत दुखत असेल, बोलणे अडखळत असेल किंवा शुद्ध येत नसेल, तर ११२ ला फोन करावा.

म्हणून जाण्यापूर्वी हे लक्षात ठेवा :

• नेहमीची औषधे ठरल्या वेळी घ्या. औषधाची पिशवी बसमध्ये न ठेवता खांद्याला लावा.

• उपाशीपोटी किंवा भरपेट जेवून लगेच पाण्यात उतरू नका. आधी आणि नंतर पाणी प्या.

• पाच-दहा मिनिटे पुरेत. आधी पायांवर पाणी घ्या, मग अंगावर. उठताना सावकाश, कुणाचा तरी हात धरून उठा.

• साखर असणाऱ्यांच्या पायांची संवेदना कमी झालेली असू शकते, मग भाजले तरी कळत नाही. पाणी आधी सोबतच्याने हात घालून पाहावे, नंतर तळपाय तपासावेत. इन्सुलिन घेणाऱ्यांनी सोबत गूळ किंवा बिस्किटे ठेवावीत.

• गरोदर बाई, नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला माणूस, ताप किंवा जुलाब असणारा आणि उघडी जखम असणारा यांनी उतरू नये. लहान मुलांची कातडी पातळ असते, त्यांना कुंडात नेऊ नका.

• डोके बुडवू नका, नाकात पाणी जाऊ देऊ नका. कोमट-गरम पाण्यात क्वचित असा अमिबा असतो, जो नाकातून मेंदूपर्यंत पोहोचतो.

• टॉवेल प्रत्येकाचा वेगळा. कुंडात साबण लावू नका, कपडे धुऊ नका.

गृध्रकूटाची चढण सकाळी करा, गरम पाणी दुपारनंतर, थोडे बसून. ओल्या अंगाने थंड वाऱ्यात उभे राहू नका. विश्वशांती स्तूपाकडे जाणाऱ्यांनी गुडघे दुखत असतील तर रोपवे घ्यावा. जंगलाच्या वाटेने एकटे जाऊ नका. माकडांना खाऊ देऊ नका. माकड चावले किंवा ओरबाडले, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस घ्या. प्लास्टिक पिशव्या परत आणा, जनावरे त्या खातात.

कुंडावर संकल्प सांगून दक्षिणा मागणारे भेटतात. हात जोडून नाही म्हणावे. पाण्याने पाप धुतले जात नाही, हे पुण्णिका थेरीने ब्राह्मणाला समजावून सांगितले होते, आणि ती दासीची मुलगी होती.

गृध्रकूटाच्या वाटेवर जीवकाच्या आम्रवनाचे अवशेष आहेत. तिथे जरूर थांबा. जीवक तक्षशिलेला वैद्यक शिकला, बिंबिसार राजाचा आणि भिक्खूसंघाचा वैद्य झाला. गरम झरे डोंगराखालीच होते, तरी आजारी पडल्यावर उपचार वैद्याकडूनच घेतले जात. आपणही तेच करावे. थकल्या पायांना झऱ्याचे पाणी घ्यावे, आजारासाठी दवाखाना गाठावा, आणि आपले उरकले की मागे उभ्या असलेल्या मावशीला जागा द्यावी.